विरारचे हातमोजे आणि सिस्सूची थंडी

घरात बसून फोनकडे बघत राहायचं त्यापेक्षा कुठेतरी लांब जाऊन फोनकडे बघू, असं मी नितीनला म्हटलं. त्याने त्याच संध्याकाळी मुंबई-चंदीगडची तिकिटं काढली. आमच्या हिमाचलच्या सहलीची सुरुवात ही एवढीच. बर्फाचं वेड वगैरे काही नव्हतं. नितीन एकदा मला फ्रीजर साफ करायला सांगून पस्तावला होता, तेवढाच आमचा बर्फाशी संबंध.

आता फोनचं काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आम्ही दोघांनी साडेतीन वर्षांपूर्वी मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं. आपला नंबर आला की पोर्टलवर एका मुलाची माहिती दिसते आणि ‘हो’ म्हणायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर ती संधी गेली. आमची अशी एक संधी गेल्या वर्षी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. पितृपक्षाचे शेवटचे दिवस होते. नितीन म्हणत होता, आत्ता दाब. मी म्हटलं, घरात बाळ यायचंय, पितरांच्या दिवसांत कशाला? सर्वपित्री होऊ दे, घटस्थापनेला सकाळी करू. घटस्थापनेला आंघोळ केली, देवापाशी दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला, तर मुदत पहाटेच संपली होती. तो मुलगा आता कुणाच्या तरी घरी सुखात असणार, असं मी स्वतःला रोज सांगते. नितीन त्यावर एका शब्दाने कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून फोन माझ्या हातातून सुटत नाही. भाजी चिरतानाही तो समोर उभा केलेला असतो. त्यामुळे बर्फात जायचं ठरल्यावर माझा पहिला प्रश्न स्वेटरचा नव्हता. हातमोजे घालून फोन चालणार का, हा होता.

विरार पश्चिमेला बाजारात एका दुकानात रेनकोटांच्या शेजारी हातमोजे टांगलेले दिसले. तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकाला करडा कपडा लावलेला, साडेतीनशेला जोडी. दुकानदाराने स्वतः घालून फोन चालवून दाखवला. “टच एकदम मक्खन, मॅडम. रिटर्न आला तर तोंड दाखवणार नाय.” तरी मी पुढचे तीन दिवस परीक्षा घेतली. फुलपाड्याच्या आमच्या गच्चीवर हातमोजे घालून चार जणांना मेसेज केले, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला. नितीन तर ते घालून दूध आणायला गेला आणि दूधवाल्याने काळजीने विचारलं, “साहेब, भाजलं काय हाताला?” हातमोजे मात्र पहिल्या नंबराने पास झाले. डिसेंबर असला तरी आमच्याकडे दुपारी पंखा लागतो, ही गोष्ट परीक्षेत धरायची असते हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पहिला दिवस विमान आणि चंदीगड यांतच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टॅक्सीने निघालो. मनालीपर्यंत साडेसहा हजार ठरले होते. रस्ता आता बराचसा चौपदरी झालाय, बोगदेही खूप आहेत. थांबत थांबत आठ तास धरा. बिलासपूरच्या पुढे एका ढाब्यावर राजमा-चावल खाल्ला. दर बोगद्यात फोनची रेंज जायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. बोगद्यातून बाहेर आलं की मी आधी मेल बघायची आणि मग खिडकीबाहेर. बियास नदी इतकी हिरवी असते हे मला परतीच्या प्रवासात कळलं.

आमचे चालक दिलेराम मंडीचे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. वाटेत एक वरात आडवी आली तेव्हा म्हणाले, “आज आखिरी है मैडम. कल से पोह लग जाएगा. फिर महीना भर कोई शुभ काम नहीं.”

पोह म्हणजे आपला पौष. नितीनने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

मनालीत जुन्या गावात राहिलो. खोली बावीसशे, हीटरचे तीनशे वेगळे, आणि तो हीटर पायांपुरताच. गरम सिड्डू मिळाले तर सोडू नका. वाफवलेल्या जाड पुरीत अक्रोडाचं सारण आणि वर तुपाची धार, आपल्या जिभेला लगेच पटतात. सकाळी मात्र हॉटेलच्या अंगणात हातमोज्यांनी पहिली कुरकुर केली. तीनदा दाबल्यावर एकदा ऐकायचे. नितीन म्हणाला, “झोपेत असतील.” मी हसले, पण हातमोजा काढून मेल बघून घेतली.

तिसऱ्या दिवशी दिलेरामांच्याच गाडीतून सिस्सू, मनालीच्या पुढचं डोंगरापलीकडचं गाव. पलचानजवळ रांगेने दुकानं आहेत, तिथे अंगभर कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, माणशी तीनशे. कोटाबरोबर ते रबरी पंजे देतात, बैलाला घालावेत एवढे. मी म्हटलं, नको, आमच्याकडे आहेत. मग नऊ किलोमीटरचा तो प्रसिद्ध बोगदा. अलीकडे झाडं आणि ऊन, पलीकडे एकदम दुसरंच जग: उघडे डोंगर, पांढरं पठार, डोळे दिपवणारा प्रकाश आणि वारा. तो वारा कोटाच्या आत कुठून शिरत होता ते अजून समजलं नाही.

सिस्सूच्या तळ्याकाठी लोक टायरवर बसून घसरत होते. नितीनने बर्फाचा व्हिडिओ काढायला फोन धरला तो धरलाच. दहा मिनिटांत चाळीस टक्के बॅटरी संपून फोन बंद. थंडीत बॅटरी अशी पटकन बसते, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. मी माझा बाहेरच्या खिशात ठेवला होता, कारण तो थरथरला तर कळायला हवा होता.

आणि तो थरथरला. मेसेजची पहिली ओळ बंद पडद्यावरच दिसली: आपल्यासाठी बालकाची माहिती उपलब्ध झाली आहे.

मी बोट फिरवलं. काही नाही. दुसरं बोट, अंगठा, काही नाही. फोन मला ओळखायलाच तयार नव्हता. मफलरमुळे चेहरा ओळखेना, आकडे टाकायचे तर बोट चालेना. नाक लावून बघितलं, तर इमर्जन्सी कॉल उघडला. दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटाने दाबायला लागले. एक-दोन मिनिटांत बोटांची टोकं आधी लाल झाली, मग पांढरी, आणि मग तीही चालेनात. बॅटरी चौदा टक्के. मी बर्फात उभी राहून स्वतःचाच हात आपटत होते आणि मला फक्त तो दिवा, तो लॅपटॉप आणि ती पहाट दिसत होती.

“मृणाल, चल आत,” नितीन म्हणाला आणि दंडाला धरून मला समोरच्या पत्र्याच्या ढाब्यात घेऊन गेला.

आत लोखंडी शेगडी पेटलेली होती. मी सरळ तिच्यावर हात धरायला गेले, तर मालकीणबाईंनी माझं मनगट पकडलं. साठीच्या असतील, डोक्याला हिरवा रुमाल.

“आग पे नहीं, दीदी. दर्द होगा बहुत, चमड़ी फट जाएगी. बगल में दबाओ.”

माझ्या त्या भाड्याच्या कोटात माझे हात माझ्या काखेत जाईनात. नितीनने आपल्या कोटाची चेन खाली ओढली आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या काखेत घातले. तो शहारला, मी रडकुंडीला आले. समोर मॅगी खाणारं एक दिल्लीचं कुटुंब आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होतं. नितीनने चहाच्या ग्लासावर स्वतःची बोटं शेकली आणि माझा फोन माझ्या पाठीमागे धरून पोर्टल उघडलं. फोन चार्ज करायचं विचारलं, तर लाइट सकाळपासूनच नव्हती.

“हे बघ, अजून सत्तेचाळीस तास आहेत,” तो म्हणाला. “हॉटेलवर जाऊन शांतपणे करू.”

“नको.”

“रिपोर्ट तरी वाचायचा की नाही?”

“तू वाच. मी ऐकते.”

त्याने वाचलं. मुलगी, दोन वर्षं चार महिने. वजन थोडं कमी. चालते, धावते, बोलायला उशीर, पण ऐकू नीट येतं. डॉक्टरांच्या ओळी त्याने दोनदा वाचल्या. मग फोन माझ्यासमोर धरला. लाल फ्रॉकमधली एक मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता कुणाच्या तरी हाताकडे बघत होती. हातात काय होतं ते फोटोत आलं नव्हतं.

“दाबू?” नितीनने विचारलं.

“थांब.”

“मृणाल, तू ‘थांब’ म्हणालीस की माझ्या पोटात गोळा येतो.” वर्षभरात पहिल्यांदा तो हे बोलला. रागाने नाही, पण बोलला.

“थांब म्हणजे, मी दाबते.”

हात काढला. बोट आता आपलं वाटत होतं, ठणकत होतं. दाबलं, काही झालं नाही. परत दाबलं. बॅटरी पाच टक्के. बोट लाकडासारखं कोरडं पडलं होतं. मग काय सुचलं कोण जाणे, वहीचं पान उलटताना करतो तसं बोट जिभेला लावलं आणि बटणावर टेकवलं. पडदा बदलला, मधोमध एक चक्र फिरायला लागलं, आणि फोन काळा झाला.

गेलं की राहिलं, काहीच कळेना. मालकीणबाईंना नितीनने अर्धंमुर्धं सांगितलं असावं, कारण त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, याची खंत आहे.

गाडीत दिलेरामांनी चार्जर दिला, पण गारठलेला फोन चार्जच होईना. मी तो वायरीसकट स्वेटरच्या आत धरून बसले. पुन्हा तो नऊ किलोमीटरचा बोगदा. नितीन माझा गुडघा घट्ट धरून होता. मला राहवेना, मी दिलेरामांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “और आज तो आपका पोह भी लग गया.”

त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “बच्चा है, मैडम. बच्चे का कौन सा महीना?”

बोगद्याच्या तोंडाशी ऊन दिसायला लागलं तेव्हा फोन सुरू झाला. मेसेज आला होता: आपली संमती नोंदवण्यात आली आहे. मी तो मोठ्याने वाचला, मग नितीनने वाचला, मग दिलेरामांनी गाडी बाजूला घेऊन वाचून घेतला, आणि मग मी हमसून रडले. पुढचे दोन दिवस मनालीत काय बघितलं असं विचाराल तर देवदारांचं एक जंगल आठवतं आणि तुपाचा वास. बाकीची माहिती दुसऱ्या कुणाच्या ब्लॉगवर शोधा, माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर तेच हातमोजे गच्चीवर पुन्हा घातले. पहिली दोन मिनिटं फोन ढिम्म. हाताला घाम सुटला आणि मक्खन. म्हणजे दुकानदाराची काही चूक नव्हती. तो करडा कपडा नव्हे, आमचा विरारचा घाम काम करत होता. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून बर्फात जाणाऱ्यांनी हातमोज्यांची परीक्षा एसी लावून, हात कोरडे करून घ्यावी. आत पातळ आणि वर जाड अशी दुहेरी जोडी ठेवावी. फोनच्या सेटिंगमध्ये हातमोज्यांसाठी वेगळी सोय आहे का तेही घरीच बघावं.

गेल्या रविवारी अर्नाळ्याला गेले होते. आमची मासळीवाली मावशी बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून पापलेट काढत होती. तिला सगळी कथा सांगितली, तर तिला त्यात नवल वाटेना.

“आमचा हात रोजच बर्फात,” ती म्हणाली. “फोन वाजला तर आदी काखंत घालायचा, मंग उचलायचा. हे इचारायला एवड्या लांब कशाला गेलीस? आनि पोरीला घेऊन ये हितं. काटे काढून देईन तिला.”

पोरगी अजून यायची आहे. आधी येत्या गुरुवारी समितीसमोर तिची भेट, मग कागदपत्रं. ती राहते त्या संस्थेच्या शुभांगीताईंनी आमचे फोटो मागवले, तिला चेहरे सवयीचे व्हावेत म्हणून. सहलीचे दोनशेवर फोटो आहेत आणि एकातही आमचा चेहरा नाही; टोपी, गॉगल, मफलर आणि मध्ये नाकाचं टोक. शेवटी हॉलमध्ये पंख्याखाली उभं राहून एक काढला आणि पाठवला. काल शुभांगीताईंचा फोन आला. म्हणाल्या, “तुमच्या फोटोवर तिने बोट ठेवलं, तर फोटो बंद झाला. माझा हात ओढून परत उघडायला लावला. परत बोट, परत बंद. असं आठ-दहा वेळा. शेवटी मी फोन काढून घेतला, तर रडायला लागली.”

मी विचारलं, “फोनसाठी रडली की आमच्यासाठी?”

“ते मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या. “गुरुवारी येताय ना, तुम्हीच बघा.”

गुरुवारला अजून चार दिवस आहेत.