न आलेल्या संघाशी हस्तांदोलन

आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक उईके सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. रविवारची सकाळ होती. फोन आमच्या शाळेच्या शिपायाचा, रामकृष्णचा. "बाई, सर मैदानावर पडले... हलवून राह्यलो, पन उठूनच नाई राह्यले." आर्वीत आमच्या घरापासून शाळा पायी दहा मिनिटांवर. मी पोचले तेव्हा सरांना दवाखान्यात नेलं होतं आणि मैदानावर फक्कीचं घमेलं तेवढं पडलं होतं. तालुक्याच्या सामन्यांसाठी ते एकटेच मैदान आखत होते. एका बाजूचा गोल, त्याच्यासमोरची चौकट, कोपऱ्यातल्या कमानी, सगळं पांढरंशुभ्र आणि रेखीव. मधली रेघ पूर्ण झालेली. तिच्यापलीकडे मात्र नुसतं हिरवं गवत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी रामकृष्ण उरलेलं अर्धं आखायला गेला आणि घमेलं भरलेलंच घेऊन परत आला. "हात नाई वयत, बाई," एवढंच म्हणाला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, आणि ज्यांचा आहे त्यांची चारचौघांत टिंगल करण्याची मला वाईट खोड आहे. पण त्या दिवशी मीही रामकृष्णला आग्रह केला नाही.

आज तीन आठवडे झाले. सरांबद्दल लिहायचं तर पाच वर्षांपूर्वीच्या एका हंगामाबद्दल लिहिण्याशिवाय मला गत्यंतर नाही, कारण त्या हंगामात माझ्याकडून जे झालं ते मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. देशभरातल्या शाळांचा बाद पद्धतीचा फुटबॉल चषक असतो. जिल्हा, विभाग, राज्य असं करत दिल्लीपर्यंत जायचं. एकदा हरलं की घरी. मुलींचा संघ असेल तर सोबत एक बाई मॅनेजर म्हणून लागते. इतर बायांच्या घरी लग्नं, बारशी आणि सासूबाईंचे गुडघे निघाले, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी मराठी शिकवते. फुटबॉलमध्ये चेंडू गोल असतो एवढंच मला ठाऊक होतं. तसं मी सरांना सांगितलं तर म्हणाले, "काई फरक नाई पडत, बाई. तुमी फक्त सह्या करजा." मॅनेजरच्या सहीशिवाय तिथे पानही हलत नाही, हे मला नंतर कळलं.

जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्याला समोरचा संघ आला नाही. अशा वेळी आमच्याकडची रीत अशी, की रेफ्री अर्धा तास घड्याळ पाहतो, मग शिट्टी वाजवतो. आपला संघ एकटाच मैदानात उतरतो, मधोमध चेंडू ठेवून तो रिकाम्या गोलात मारतो, मॅनेजर कागदावर सही करते आणि सामना जिंकलेला असतो. मला तर हे फारच आवडलं. ना पडणं, ना लागणं. मी पर्समधून पेन काढलं, तेवढ्यात पाहते तो सरांनी आमच्या अकरा मुलींना मधल्या रेघेवर ओळीने उभं केलेलं. सामन्याआधी दोन्ही संघ हात मिळवतात ना, तसे त्यांना समोरच्या मोकळ्या हवेत हात पुढे करायला लावले होते. मुली खुदखुदत होत्या. सर मात्र गंभीर. एकेक मुलगी हात पुढे करी, क्षणभर थांबे, एक पाऊल सरके, पुन्हा हात पुढे करी... अकरा वेळा. हे काय नवीन, म्हणून मी विचारलं. "आले नाई म्हंजे नाईत असं नसते, बाई," ते म्हणाले. "रस्त्यात कुठंतरी असतेच ना ते."

योगायोग म्हणा, पण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यालाही समोरचे आले नाहीत. त्यांच्या शाळेत कांजिण्यांची साथ आली होती. मग विभागात एका संघाची गाडी बंद पडली, आणि राज्यात एका संघाचे वयाचे दाखले अडकले. मधले सामने आम्ही खेळून जिंकलो, नाही असं नाही. आमची गोलकीपर पुनी भिंतीसारखी होती. आष्टीच्या रस्त्याला त्यांची भाजीची वाडी, आई बाजारात वांगी घेऊन बसते. पोरीचे पंजे हे एवढे. पण चार वेळा आम्ही कोणाशीही न खेळता पुढे सरकलो. चारही वेळा तो हात मिळवण्याचा प्रकार झाला आणि दर वेळी मुलींचं हसणं कमी कमी होत गेलं. राज्यातल्या त्या सामन्याला तर कोणी हसलंच नाही. अकरा हात एकदम वर आले, एकदम थांबले, एकदम खाली गेले. मैदानावर वारा नव्हता, बाजूच्या निंबाचं पानही हलत नव्हतं. ओळीत शेवटी पुनी. तिने हात मागे घेतला आणि चड्डीला पुसला. मी म्हटलं, काय गं, काय झालं? "घाम लागला, बाई." आणि मग हळूच, "माह्या नोहे."

दिल्लीला जाताना गाडीत भर दुपारी मुली झोपल्या होत्या. तेव्हा मी सरांना छेडलंच. म्हटलं, सर, पोरींच्या डोक्यात तुम्ही हे काय भरवताय? एखादी घाबरून तापाने फणफणेल, आणि तिच्या आईला उत्तर मला द्यावं लागेल. मग त्यांनी सांगितलं. ते आश्रमशाळेत दहावीला होते, संघाचे कप्तान. असाच एक बाद फेरीचा सामना, समोरचा संघ दूरच्या गोंडांच्या पाड्यावरचा, अजून पोचलेला नव्हता. रेफ्री भला माणूस. त्याने कप्तानाला विचारलं, थांबायचं का थोडं? "मी म्हनलो, काऊन थांबाचं? आमी रिकाम्या गोलात बाल मारला, नाचलो, जिलबी खाल्ली. संध्याकाळी समजलं, त्याइची ट्रॉली नाल्यात उलटलती. एक पोरगा गेला. सात नंबरचा." तुम्ही थांबला असता तरी ट्रॉली उलटलीच असती सर, असं काहीतरी मी पुटपुटले. "हो जी," ते म्हणाले. "पन मी थांबलो असतो ना."

दिल्लीत पहिला सामना आम्ही पुनीच्या जिवावर जिंकलो. दुसरा जिंकला की शेवटच्या आठांत. आणि आठांत आलेल्या संघांतल्या मुलींना क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला बोलावणार, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. वसतिगृहात राहणं, शिकणं सगळं फुकट. माझ्या डोळ्यांसमोर पुनी होती. दहावीनंतर तिला बाजारात वांग्यांच्या टोपलीमागे बसवायचं की शिकवायचं, हा तिच्या घरचा रोजचा वाद मी ऐकलेला होता. त्या दुसऱ्या सामन्याला समोर पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका शाळेचा संघ होता. वेळ झाली, ते नव्हते. अर्धा तास झाला. निरोप आला की गाडी फार उशिरा पोचली, मुली स्टेशनवरून निघाल्या आहेत. रेफ्री कागद घेऊन माझ्याकडे आला. तुमची हरकत नसेल तर आणखी एक तास थांबता येईल, नाहीतर इथे सही करा. निर्णय मॅनेजरचा. सर माझ्या शेजारी उभे होते. बारा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला एकच गोष्ट मागितली, ती तेव्हा. "बाई, सही नका करू. निंगल्या हायेत त्या पोरी."

मी सही केली. पुनीसाठी केली, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरंच आहे. पण नियम आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर मला एक प्रकारचा जोरही चढला होता, हेही खरं आहे. सर मैदानाकडे वळले. त्यांनी मुलींना ओळीत उभं केलं. तो प्रकार संपायला आणि पलीकडच्या फाटकातून त्या मुली आत यायला जेमतेम वीस मिनिटांचं अंतर पडलं असेल. पाठीवर पिशव्या, पायांत आधीच चढवलेले मोजे. बाजूच्या रेघेबाहेर त्या गप्प उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे पाहत राहिल्या. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सर त्यांच्याकडे चालत गेले. मी बसकडे गेले, माझ्याने पाहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या आठांतला सामना आम्ही सात-शून्यने हरलो. आमच्या मुली मैदानात अशा चालत होत्या, जणू चिखलातून पाय उपसत होत्या. कोणी धावतच नव्हतं. पुनीच्या हातातून चेंडू निसटत होते. मी बाकावर बसून पदराचं टोक पिळत होते आणि मनात एकच येत होतं, की हे माझ्या सहीचं आहे. भुतांची टिंगल करणारी मी, पण त्या दिवशी मला शापाची भाषा नीट कळली. वसतिगृहाच्या निवडीला पुनीला बोलावलं आणि उंची कमी म्हणून परतही पाठवलं. म्हणजे सही करून मिळालं काय, तर काही नाही.

सर माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीत आमचा चहा होत असे, तो सुरूच राहिला. हवा गेलेले चेंडू, ओल्या जाळ्यांचा वास, भिंतीला टेकवलेले भाले, आणि त्यात स्टोव्हवर सरांचा गुळाचा चहा. शाळेतल्या राजकारणावर मी बडबडायची, ते ऐकायचे. पण पुढच्या वर्षी मॅनेजर म्हणून त्यांनी दुसऱ्या बाईंचं नाव दिलं. मला ते नोटीस बोर्डावर वाचून कळलं. फार लागलं ते. इतकं, की मी रागाने आठ दिवस चहालाच गेले नाही. नंतर गेले, पण विषय काढला नाही. त्यांनीही नाही. पाच वर्षं... रोज समोरासमोर बसून आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. आज काढू, उद्या काढू करता करता मी माफी मागायची राहून गेले आणि माणूस निघून गेला. गेले तीन आठवडे मला झोप येत नाही ती याच्यामुळे.

परवा पुनी शाळेत आली. आता ती सेवाग्रामला नर्सिंग शिकते. सरांच्या घरी भेटून आली होती. खेळाची खोली आवरायला मी एकटी जायला धजत नव्हते, म्हणून तिला सोबत घेतलं. आम्ही जाळ्या घडी घालत होतो. माझ्याच तोंडून निघून गेलं, की पुनी, मी त्या दिवशी सही करायला नको होती, सरांनी मला कधी माफ केलं नाही. पुनी थांबली. माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागली. "बाई... तुमाले सरांनी सांगितलंच नाई?"

तिने जे सांगितलं ते असं. दिल्लीत, सहीच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, मी झोपलेली असताना, सरांनी मुलींना उठवलं आणि आमच्या मुक्कामाच्या वसतिगृहामागच्या सरावाच्या मैदानावर नेलं. तिथे त्या डोंगरातल्या मुली आलेल्या होत्या. सरच रेफ्री. पूर्ण वेळाचा सामना झाला, दोन्ही बाजू जीव तोडून खेळल्या, आणि आमच्या मुली तीन-शून्यने हरल्या. दुपारी पाय का उचलत नव्हते, ते मला आत्ता कळत होतं. म्हटलं, अगं पण मला का नाही सांगितलं? "सर म्हने, बाईले सांगू नोका. बाईनं तुमच्यासाठी केलं, त्याइले वाईट वाटन."

मग पुनी जाळीची गाठ सोडवत बसली. सुटलेलीच गाठ होती ती. "एक सांगू बाई? त्या दहाच होत्या. त्याइची एक पोरगी तापानं खोलीवर पडलती. मी गोलकीपर, मी पहिले समोरचे मोजतो. दहाच. पन हात मिळवले तवा..." तिने जाळी खाली ठेवली. "मी अकरा हात धरले, बाई. शेवटचा थंड होता. मी वर नाई पाह्यलं." सर ओळीत तिच्या मागे होते. शेवटी येऊन ते तिथेच उभे राहिले, कितीतरी वेळ, हात पुढे धरून, आणि गोंडीत काहीतरी बोलत होते. त्या डोंगरातल्या मुलींना गोंडी कुठली येणार? काय बोलत होते, असं मी विचारलं. "मले गोंडी नाई येत. पन परत आले तवा सर हासत होते. आमी एवढ्या हारलो अन् ते हासत होते. म्हने, चला पोरीहो, बाईची सही खोडली गेली. आता बाईवर काई नाई."

पुनीची आर्वी डेपोतून तीनची बस होती, त्या बसने ती गेली. अकराव्या हाताचं काय करायचं, ते मला ठाऊक नाही. मी तो नाकारतही नाही आणि मान्यही करत नाही. पण सरांवर मला भयंकर राग आला, हे मी स्पष्ट सांगते. पाच वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून चहा गाळत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मीही एक वाक्य बोलायचं होतं. दोघंही एकमेकांना जपत बसलो... मग त्या ओल्या जाळ्यांच्या ढिगावर बसून मी पोटभर रडले.

खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. स्टोव्ह तिथेच आहे, गुळाचा डबाही. मधल्या सुट्टीत मी एकटीच चहा करते आणि दोन कप भरते. सुट्टी संपल्याची घंटा होते, मुलांचा गलका वर्गात जातो, मैदान रिकामं होतं. पूर्वी घंटेच्या पहिल्या टोल्याला मी उठायची. आता लगेच उठत नाही. थोडी थांबते.