केळशीत ड्रम कोणी भाजला

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर आमचे ड्रम गाडीच्या टपावर चढताना पाहून कंडक्टरने विचारलं, "वरात कुणाची?"

"वरात नाही, रॉक बँड," आमचा गिटारवाला दिल्या म्हणाला.

"मग नवरदेव कुठाय?"

आम्ही चौघेही हसलो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ड्रम वाजवायचो. शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांनी (मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी) आम्हाला केळशीला बोलावलं होतं.

खेडला गाडी बदलली. दापोलीपुढच्या प्रत्येक वळणाला टपावरची झांज वाजे. शेजारच्या मावशींनी विचारलं, "वर पालखी हाय की काय?"

केळशीत दुपारी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण होतं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी मांडवामागे गावचे ढोलवाले धाकू आजोबा नारळाच्या सोडणांच्या (सालींच्या) विस्तवावर ढोल शेकत होते. खाऱ्या हवेने सैल पडलेलं चामडं तापून ताठ झालं. त्यांनी टिपरू मारलं आणि मांडव दणाणला. त्यापुढे माझा पायाने वाजवायचा मोठा ड्रम मला अगदीच मऊ वाटू लागला. मी तो विस्तवाकडे नेला.

"आरं, तुजं कातडं पिलाष्टिकचं," आजोबा म्हणाले. "त्ये शेकायचं नाय."

"थोडंसंच."

क्षणात ताटलीएवढं भोक पडलं. दिल्या धावत आला. "हे कुणी केलं?"

"आजोबांना वाटलं, शेकावा लागतो," मी म्हणालो.

आजोबांनी ते ऐकलं. मग ढोल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "चल. तुज्या पायाचं काम मी करतो."

माझा पाय जिथे पडायचा, तिथे त्यांचं टिपरू पडत गेलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत इंग्रजी गाण्याखाली चक्क शिमग्याचा ठेका आला होता आणि म्हातारेकोतारेही नाचत होते. एवढ्या टाळ्या आम्हाला रत्नागिरीत कधी मिळाल्या नव्हत्या.

सकाळी आजोबा कोकमाची पुडी घेऊन गाडीपाशी आले. माझ्या हातात देत म्हणाले, "फुडल्या शिमग्याला ये. शेकायला शिकवतो."

गाडी सुटली आणि दिल्या हसून लोळला. "स्वतः भाजला, आणि वर शिकवतोय!" मीही हसलो.

पुढे बँड मोडला, पण ड्रम भाजणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट रत्नागिरीत चालूच राहिली. बहुतेक वेळा सांगणारा मीच असे, आणि रंगवून सांगे. पुढच्या शिमग्याला बोलावणं आलं, तेव्हा मी आजारी असल्याचं कळवलं. मी ठणठणीत होतो.

आजोबा आता नसतील. त्यांची नातवंडं केळशीत ढोल शेकत असतील. त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवतो: ड्रम मी भाजला. तुमच्या आजोबांनी मला नको म्हणून सांगितलं होतं.