गोष्ट घेऊन सोनगीरला

कथेतल्या माणसानं घरची बोली बोलावी की पुस्तकातली? मला याचं उत्तर देता येत नाही. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी मात्र ते दिलं होतं: बाईचे संवाद शुद्ध केलेत तर गोष्ट छापू. ही माझी पहिलीच गोष्ट. जमिनीच्या दाव्यासाठी धुळ्याच्या वकिलाच्या घरी गेलेल्या एका विधवेची. वकील पुस्तकी मराठी बोलतो, ती अहिराणी. ते बोलणं मी माझ्या फुईचं, म्हणजे वडिलांच्या बहिणीचं, घेतलं होतं. तिलाच वाचून दाखवावं म्हणून जळगावहून सोनगीरला निघाले.

अमळनेरपर्यंत आगगाडी बरी. बायकांच्या डब्यात जागा मिळते. पुढे धुळ्याची मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा पाणी नि दशम्या जवळ असाव्यात. भाडं आधी ठरवावं, वाटेत ते वाढतं. धुळ्याहून आग्रा रस्त्यानं टांगा केला. सोनगीरचा किल्ला लांबूनच दिसतो. वर पडकी तटबंदी, खोल विहीर आणि पुष्कळ वारा.

दुपारी फुईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मग ओट्यावर तिला आणि तिच्या जावेला गोष्ट वाचून दाखवली. जाऊ हसली. फुई हसली नाही.

“हाई मीच शे ना?”

“बोलणं तुझं. बाई दुसरी.”

“वकील कसा बेस बोलस. मी एकलीच गावढी. बठ्ठा लोके माले हासतीन.”

“हासू दे व,” जाऊ म्हणाली. “हासाले काय पैसा लागस?”

“मंग त्या वकीललेबी हासू दे,” फुई माझ्याकडे बघत म्हणाली. “त्याले कसाले वाचाडं?”

वकिलाला का वाचवलं, तर शिकलेली माणसं तशीच बोलतात, असं मी सांगितलं. फुई भाकरीची टोपली उचलून आत गेली.

परतताना धुळ्याला मोटारीत माझ्या पुढच्या बाकावर काळ्या कोटातले एक वकील आणि त्यांचा म्हातारा पक्षकार होते.

“आबा, कोर्टमा जास्त बोलू नका. ईचारतीन तेवढंच सांगा.”

“बठ्ठं मीच सांगू, मंग तू कसाले शे?”

वकील हसले. तेवढ्यात एका कारकुनानं नमस्कार केला, तेव्हा ते त्याच्याशी अगदी छापील मराठीत बोलले.

घरी आल्यावर किल्ल्यापेक्षा फुईचा प्रश्नच जास्त आठवत राहिला. बाईचा एक शब्दही मी बदलला नाही. वकिलाचे घरातले सगळे संवाद मात्र अहिराणीत लिहिले, आणि यातलं काही शुद्ध करायचं असेल तर गोष्ट छापू नये, असं संपादकांना कळवलं. पाकीट कालच टपालात टाकलं.