शालूचं उभं राहणं

आंधळगावहून मोहाडीला घरी येऊन मी चप्पल काढतच होते, तेवढ्यात शालूच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला. "ताई, वापस या," एवढंच तो म्हणाला. तासाभरापूर्वी तर शालू मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आली होती. ऊन तापलेलं, तरी माझा हात धरून ती कितीतरी वेळ उभ्यानं बोलत होती, आणि तिला तशी पाहून मी सुखावले होते... मी गेल्यावर ती आत वळली आणि पायरीवर कोसळली. डोक्याला मार लागला. भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आज सात आठवडे झाले.

शालू माझी धाकटी बहीण, गावातली अंगणवाडी सेविका. रोवणीच्या दिवसांत बायका लेकरं तिच्याकडे सोडून धानाच्या बांधीत उतरायच्या. ही एक कडेवर, एक बोटाला धरून दिवसभर उभीच. तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला. ताप आठवड्यात उतरला, थकवा मात्र राहिला तो राहिलाच. एक दिवस जरा काम केलं की पुढचे चार दिवस खाटेवर. मग नुसतं उभं राहणंही जड जाऊ लागलं. "ताई, उठली का छाती धडधडते, अंधारी येते. पाय पाह्य ना, कसे जांभळे पडून राह्यले..." मी पाहिले. पण रिपोर्ट सगळे साफ यायचे, आणि ते साफ रिपोर्टच तिच्या मुळावर उठले. सासू म्हणाली, कामाचा कंटाळा. मी शिक्षिका, चार बुकं शिकलेली; मीही म्हणाले, मनाचं आहे. माझ्या मुलीच्या लग्नात बुद्धवंदनेला सगळे उभे राहिले, ही खुर्चीतच. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "दोन मिनिटं उभं राहाले काय होते तुले?" ती मुकाट्यानं उठली. वंदना संपायच्या आत पांढरीफटक पडून समोरच्या खुर्च्यांवर कोसळली.

पुढे नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी आधी झोपवून मोजली, मग दहा मिनिटं उभं करून. म्हणाल्या, हा दीर्घ थकव्याचाच आजार आहे. नाडी आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचं काम त्यात बिघडलंय. उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि हृदय धावत सुटतं. मीठ-पाणी, घट्ट मोजे, सावकाश उठणं, आणि उन्हात उभं राहायचं नाही. परतताना गाडीत शालू रडली. "मी खोटी नव्हती, ताई."

मला ते पटलं होतं. तरी तिच्या घरात शिरताना माझी नजर आधी खाटेकडे जायची. ती उठलेली दिसली की मी खुलायचे, पडलेली दिसली की माझा चेहरा उतरायचा. तिच्या ते ध्यानात आलं असेल, हे मला कधी सुचलंच नाही. त्या दिवशी दार तिनंच उघडलं. "आज बरी आहो मी," म्हणाली. चहाही स्वतः केला. चहा गाळताना तिनं डाव्या हातानं ओटा घट्ट धरला होता... मला ते दिसलं. मी कपबशा पुढे सरकवल्या.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर प्रकाशनं तिच्या गादीखालची वही माझ्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी रोज नाडी लिहायला सांगितली होती. ती वही आता माझ्या टेबलावर असते. शेवटच्या पानावर त्या सकाळचे आकडे आहेत : झोपून ८०, उभी १४६. आणि त्याखाली तिच्या गोल अक्षरात, "आज उठाचं नाही. पण ताई येऊन राह्यली."