अक्कांनी रिकामं केलेलं घर

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, आमचं घर एका दुपारी रिकामं केलं. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. थोरल्या दिरांनी, अण्णांनी, हुबळीत फ्लॅट घेतला होता. आम्ही दोघं आणि दोन मुली धारवाडच्या त्या दोन खोल्यांतच राहणार होतो. थोरल्यांचा मान म्हणून शिसवी पलंग, काचेचं कपाट, सोफा, जेवणाचं टेबल, सगळं टेम्पोत चढलं. हमाल भिंतीतल्या खुंट्या उपटायला लागले तेव्हा मात्र मला राहवेना.

"अक्का, ह्या तरी राहू द्या."

"एवढ्याशा घरात टांगायचंय काय?" त्या हसत म्हणाल्या. "उलट बरंय गं तुला. झाडायला सोपं."

आमचे हे मान खाली घालून टेम्पोला दोरी बांधत होते. मी तेव्हाच ठरवलं, ह्या बाईला ह्याच घरात चारचौघांत खाली बघायला लावीन.

कसं, ते ठाऊक नव्हतं. हे हुबळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं स्वीडनहून एक यंत्र आलं आणि त्याच्या खोक्यातून एक कॅलेंडर निघालं. दर महिन्याला तिकडच्या एका घराचं चित्र. घरं आमच्याएवढीच लहान, सामानही बेताचंच. बाहेर बर्फ, आणि आत अशी ऊब की चित्र बघूनच अंगात यावी. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, खिडकीशी बाक, लोकरीची पांघरुणं. दिवे छताला नाहीत, बसणाऱ्याच्या खांद्याशी. दुसऱ्या बायका पोथी वाचतात तशी मी ते कॅलेंडर वाचत असे. फक्त मनात देव नव्हता, अक्का होत्या.

यंत्राची देवदारी खोकी कारखान्यानं भंगारात काढली, ती ह्यांनी घरी आणली. त्या फळ्यांचा खिडकीखाली बाक केला, आत अंथरुणं ठेवायची सोय. भिंतीला मिटणारं टेबल. मुलींना एकावर एक अशा दोन खाटा. "पॉलिश नको, नुसतं घासून द्या," म्हटल्यावर सुतार दोनदा विचारून गेला. भिंती पांढऱ्या केल्या तर शेजारीण म्हणाली, "दवाखाना काढताय काय?" हुबळीच्या दाजीबानपेठेतून कोरं जाडं कापड आणून पडदे शिवले. मेंढीच्या लोकरीच्या घोंगड्या घेतल्या. तिथल्याच दुर्गदबैलाच्या बाजारात होल्डर आणि वायर मिळाली; मी शिकवत असे त्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या कागदाच्या शेड मीच केल्या. ट्यूबलाइट बंद करून पहिल्यांदा ते पिवळे दिवे लावले, तेव्हा धाकटी बाकावर घोंगडीत शिरली आणि जेवायलाही उठेना. क्षणभर मीही विसरले, हे सगळं कशासाठी मांडलंय ते. क्षणभरच.

दोनेक वर्षांनी अक्कांचा फोन आला. त्यांच्या मुलीला बघायला धारवाडचीच माणसं येणार होती. मुलाच्या आजींचे गुडघे धरलेले, अक्कांच्या फ्लॅटचे तीन मजले चढणं शक्य नव्हतं. "एका संध्याकाळचा प्रश्न आहे. तुझ्याकडे बसायला काही नसेल तर सतरंजी अंथर."

"या की," मी म्हटलं.

अण्णा आणि पुतणीला घेऊन अक्का आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. पाहुणे आले. थंडीचे दिवस होते. मुलाच्या आईनं बाकावर बसून घोंगडी गुडघ्यांवर ओढली, दिव्याकडे बघितलं आणि कौतुकानं कन्नडमध्ये म्हणाली, "मनी भाळ छलो ऐती." मग मराठीत, "एवढं सुरेख घर कोणी मांडलं हो?"

"आमचंच घर हे," अक्का घाईनं म्हणाल्या. "सगळं आमच्याच हातचं."

मी थांबले. पुतणी गुणी होती, तिचं बिघडावं असं मला वाटत नव्हतं. मुलगा-मुलगी आत बोलून आली, होकार झाला, पेढे वाटले, तोवर मी तोंड उघडलं नाही. मग चहा देता देता म्हटलं, "घराचं श्रेय खरंच अक्कांना. सासूबाई गेल्यावर पलंग, कपाट, सोफा, टेबल, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा त्या हुबळीला घेऊन गेल्या. घर असं मोकळं मिळालं, म्हणून तर हे सुचलं."

"खुंट्यासुद्धा?" आजींनी विचारलं. त्यांना ऐकू कमी येतं, असं आम्हाला सांगितलं होतं.

"हो आजी. खुंट्यासुद्धा."

कोणी हसलं नाही, त्यानं जास्तच बरं झालं. अण्णा बशीत बघत राहिले. अक्कांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. निघताना त्या दारात कुजबुजल्या, "माणसांत असं बोलतात का?"

"माणसांतच बोलायचं होतं, अक्का."

"काय गरज होती?" ते गेल्यावर ह्यांनी विचारलं.

"मला होती," मी म्हटलं. सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं, असं म्हणतात. मला नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गुणगुणत शाळेत गेले.

लग्न नीट पार पडलं. त्यानंतर अक्का बरीच वर्षं आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मग एकदा अण्णांच्या औषधासाठी धारवाडला आल्या, तेव्हा डोकावल्या. बाकावर टेकल्या, इकडेतिकडे बघत राहिल्या. "छान ठेवलंयस गं," शेवटी म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, आणि चहात साखर किती ते विचारलं.