फ्रिजच्या भिंतीवरची गरम रेघ

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं. हात कणकेत होते, मी कोपरानंच कडी सरकवली. बाहेर हरिचंद्रभाऊ उभे होते. खांद्याला तीच कॅनव्हासची पिशवी, केस मात्र पार पिकलेले.

"वहिनी, दूधवाल्याकडून निरोप मिळाला. फ्रिजची कुठली जाळी पडली?"

दीड वर्षानं ते आमच्या कॉलनीत पाऊल टाकत होते.

हरिचंद्रभाऊ मोरिवलीचे. अंबरनाथच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात सतरा वर्षं काढली. कारखान्याला टाळं लागलं, पण हातातली कला कोण काढून घेणार? ते घरोघरी फ्रिज दुरुस्त करू लागले. फ्रिजमधली जाळी ज्यावर टेकते ती खुंटी तुटली की इतर मेकॅनिक सांगायचे, पार्ट मिळत नाही. हे हसायचे. "मिळत कसा नाही? इथंच आहे की!" भाजीच्या ट्रेची मागची कड जरा कापायची, ती थिनरमध्ये विरघळवून लेप करायचा आणि त्यातनं नवी खुंटी उभी करायची. ज्या घरी जाळीवर लोणच्याच्या बरण्या चढायच्या तिथं मात्र भिंतीतून आरपार बोल्ट. "फ्रिज आहे का गोडाऊन, वहिनी?"

नंतर नवे फ्रिज आले, त्यांची गॅसची नळी बाजूच्या पत्र्याआड. बोल्ट मारण्याआधी भाऊ फ्रिज चालू ठेवायला सांगत आणि पत्र्यावर तळहात फिरवत. हाताला गरम रेघ लागली, की नळी तिथं.

समोरच्या मालिनीचा फ्रिज असाच, नवा. दीड वर्षापूर्वी त्याची जाळी पडली. शाळेत शिकवायला जाताना तिनं मला घराची किल्ली दिली. "बर्फ वितळावा म्हणून रात्रीच बंद केलाय. मेकॅनिकला सांगा हं."

भाऊ आले. पत्र्याला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "वहिनी, फ्रिज आत्तापर्यंत चालू होता ना?"

माझ्या घरी गॅसवर दूध होतं. खरं सांगितलं असतं तर फ्रिज चालू करून तासभर थांबावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो हो, आत्ताच बंद केलाय."

त्यांनी सगळीकडे हात फिरवला. पत्रा सगळा सारखाच गार. या बाजूला नळीच नाही, असं त्यांनी धरलं. ड्रिल आत गेलं आणि फुस्स करून गॅस सुटला.

मग त्यांनी बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे ओढला. तो रात्रभर वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

संध्याकाळी मालिनीच्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं. "मेकॅनिक म्हणे! पाथरवट आहे पाथरवट." चार बायका हसल्या. मी त्यांच्यातच उभी होते. त्या दिवसापासून कॉलनीत त्यांना कुणी बोलावलं नाही. उल्हासनगरला एका शेठच्या दुकानात जुने फ्रिज पुसायचं काम ते करतात, एवढं कानावर आलं. मालिनी रोज भेटते. मी रोज तिला खरं सांगायचं ठरवते, आणि भाजीच्या भावावर बोलून घरात येते.

म्हणून माझ्या फ्रिजची जाळी पडली तेव्हा त्यांनाच बोलावलं. ते आल्यावर काय बोलायचं, ते मात्र सुचलं नव्हतं.

त्यांनी खुंटी बसवली. बोटानं दाबून पाहिली. "उद्यापर्यंत वजन नको."

"चहा टाकते, भाऊ."

"नको."

"भाऊ, त्या दिवशी मी..."

"माझंही चुकलंच. ट्रे आधी बघायला पाहिजे होता."

पिशवी खांद्याला लावून ते उंबऱ्यात थांबले. समोर मालिनीचं दार उघडं होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता.

"वहिनी, एक काम कराल? मालिनीटीचरना एवढंच सांगा, भोक पाडायच्या आधी हरिचंद्रनं विचारलं होतं."