कोनफळी साडीची घडी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. या ग्रुपवरचे बरेच अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसलेसुद्धा आहे. माफ करा, पण पांढऱ्या साडीतली लिफ्ट मागणारी बाई माणसाने किती वेळा वाचायची? माझी सगळी नोकरी बंगळूरच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली. हातात आलेल्या वस्तूत खोट शोधायची, हेच काम. हा प्रसंगही मी साठेक वर्षं तसाच उलटसुलट करून बघते आहे... खोट सापडत नाही. म्हणून शेवटी एका बोटाने टाइप करत का होईना, लिहायला बसले.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची खिचडी जिभेवर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घर चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. हा झाला पेटेचा भाग, म्हणजे खरं गाव. कब्बन पार्क ओलांडला की पलीकडे दंडू. दंडू म्हणजे छावणी, इंग्रजांनी वसवलेली. इंग्रज गेले तरी त्यांचा डौल तिथे मागे राहिला होता.

माझी थोरली बहीण, अक्का, त्या दंडूवर जीव टाकायची. लग्नाआधी दर रविवारी संध्याकाळी ती मला ओढत तिकडे न्यायची. घ्यायचं काही नसायचं, नुसतं चालायचं. राणीच्या पुतळ्यापासून सुरुवात, मग साउथ परेडची दुकानं. त्याला महात्मा गांधी रोड हे नाव मिळून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी जुनंच. एका हाताला काचेच्या उंच खिडक्यांची दुकानं, दुसऱ्या हाताला मोकळं परेड मैदान आणि झाडांच्या सावलीतला रस्ता. फूटपाथ इतका रुंद, की समोरून हातमोजे घातलेल्या अँग्लो-इंडियन बायका आल्या तरी अंग चोरावं लागत नसे. पुढे ब्रिगेड रोड, मग चर्च स्ट्रीट आणि शेवटी म्युझियम रोडवरचे बंगले. अक्का त्याला ‘आपली प्रदक्षिणा’ म्हणायची.

तिची थांबायची ठिकाणं ठरलेली. एक होतं बायकांच्या टोप्यांचं दुकान. पिसांच्या, जाळीच्या, कसल्या कसल्या टोप्या! त्या काचेत बघून अक्का पदर नीट करायची. आम्ही टोप्या घालणार थोड्याच, पण आरसा फुकटचा होता. दुसरी जागा बेकरीची. तिथला प्लम केक आम्ही कागदात बांधून घरी न्यायचो आणि आईही तो आवडीने खायची. त्यात अंडं असतं हे आम्ही तिला मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि शेवटची जागा म्हणजे म्युझियम रोडवरचा हिरव्या फाटकाचा बंगला. आत कुणीतरी पियानो शिकायचं, रोज तेच चुकायचं. फाटकावर जकरांडाचं झाड होतं. अक्का फाटकाला हात लावून उभी राहायची. म्हणायची, “एवढं चुकेपर्यंत थांबू, मग जाऊ.”

तिचं लग्न ठरलं निपाणीकडच्या घरात. घर मोठं, माणसं करडी. लग्नाच्या आधी अक्काने एकच हट्ट केला, एक साडी दंडूतल्या शोरूममधूनच हवी. अण्णा वैतागले. “चिकपेटेत राहून साडी घ्यायला दंडूत? लोक हसतील की!” पण घेतली. कोनफळी, म्हणजे गर्द जांभळ्या रंगाचं म्हैसूर सिल्क, बारीक जरीची किनार. अक्काने ती सासरी नेली नाही. तिथे नऊवारीच नेसायची होती. म्हणाली, “दिवाळीला येईन तेव्हा हिची घडी मोडेन आणि प्रदक्षिणेला जाईन. तोवर राहू दे इथंच.”

दिवाळी आली, अक्काला पाठवलं नाही. संक्रांतही गेली. पुढच्या पावसाळ्यात दिवस राहिल्याचं कळलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आई कामाला लागली. खोली सारवून-पुसून झाली, डिंक आला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली. आणि निपाणीहून निरोप आला. सासूबाई आजारी, घरात दुसरं माणूस नाही. शिवाय एवढा लांबचा प्रवास नको, बाळंतपण इथेच करू.

आई रडली नाही. तिने फक्त ती दुपटी ट्रंकेत ठेवली, कोनफळी साडीच्या शेजारी. मी त्या साडीसाठी तिच्या मागे लागायची. “मी मोडू का गं घडी? नुसती पडून विरेल.” आई म्हणायची, “ज्याची त्याने मोडावी. अक्का येईल की.” ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला असायची, आंघोळीच्या वेळी तेवढी निघायची.

तो मार्च महिना होता. अक्काचे दिवस भरत आले होते आणि चार दिवस काही खबर नव्हती. आई घरातल्या घरात नुसती फिरत होती. मला बघवेना. मी म्हटलं, “चल, दंडूत जाऊन येऊ. अक्काची प्रदक्षिणा तू कधी केलीच नाहीस.” आई दंडूत क्वचितच यायची, तिला तिथल्या फरशीवर चप्पल घसरेल असं वाटायचं. पण त्या दिवशी आली.

ऊन उतरत होतं. परेड मैदानावरून गार वारा येत होता. मी आईला खिडक्या दाखवत होते, ती अर्धवट लक्ष देत होती. “स्वल्प हळू चाल गं,” एवढंच मधे मधे. टोप्यांच्या दुकानाशी आलो तर तिथे टोप्या नाहीत. दुकान बदललं होतं, काचेत बुटांचे जोड मांडले होते. मला एकदम वाईट वाटलं. अक्काला कळवलं पाहिजे असं मनात आलं. आणि त्याच काचेपासून, आमच्या थोडी पुढे, एक बाई वळून चालू लागली.

कोनफळी म्हैसूर सिल्क, बारीक जरी.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असेल सांगा? मला राग आला! शोरूमवाल्याने आमची साडी अजून कुणाला तरी विकली म्हणून. मग मी तिची चाल पाहिली. अक्का लहानपणी पडली होती, तेव्हापासून डावी चप्पल जरा घासत चालायची. ही बाईही तशीच चालत होती. तीच वेणी, मानेजवळ तशीच सैल. मी आईकडे पाहिलं. आईने केव्हाच पाहिलं होतं.

आम्ही दोघी तिच्या मागे चालू लागलो. ब्रिगेड रोड, मग चर्च स्ट्रीट. बेकरीशी ती थांबली, वास घेतल्यासारखी मान वर केली आणि पुढे गेली. म्युझियम रोडच्या कोपऱ्यावर समोरून एक म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ येत होते, त्यांनी तिला टोपी उचलून “गुड ईव्हनिंग” केलं. म्हणजे ती त्यांनाही दिसली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘तुम्हा मायलेकींच्या मनाचे खेळ’ असं कुणीतरी लिहिणारच.

मग हिरवं फाटक. तिने फाटकाला हात लावला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आत पियानो चालू होता. जकरांडा फुलला होता, खाली जांभळा सडा पडला होता.

आमच्यात तेव्हा जेमतेम दहा-बारा पावलांचं अंतर. मला राहवेना. मी श्वास घेतला, “अ—” एवढंच तोंडातून निघालं असेल. आईने माझं तोंड दाबून धरलं. माझ्या आईचा हात इतका जोरकस असेल हे मला ठाऊक नव्हतं.

“हाक मारू नकोस.”

“अगं पण आपली अक्का—”

“माहीत आहे मला. तू हाक मारू नकोस.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात मात्र सुटत नव्हता. महिनोन् महिने जिच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, ती लेक समोर उभी, आणि ही बाई मला हाक मारू देत नव्हती! मला तिचा इतका संताप आला... अजूनही त्या क्षणाचा राग आठवतो.

आतला पियानो नेहमीच्या जागी चुकला. ती जराशी थांबली, कुणाची तरी वाट बघावी तशी. मग फाटकावरचा हात काढला आणि भिंतीच्या वळणापलीकडे गेली. आम्ही तिथे पोचलो तेव्हा पुढचा सगळा रस्ता रिकामा होता. एक आया बाबागाडी ढकलत येत होती, तिने कुणालाच पाहिलं नव्हतं.

घरी येताच आईने ट्रंक उघडली. साडी होती. दुकानाचा कागद, सुतळीची गाठ, सगळं जसंच्या तसं. आईने गाठ सोडली. आत साडीची घडी मोडलेली होती. निऱ्यांच्या चुण्या, कमरेशी खोचल्याच्या सुरकुत्या, किनारीला रस्त्याची धूळ. आणि पदराच्या टोकाला अडकलेलं एक जकरांडाचं फूल, अजून ओलसर. आमच्या गल्लीत जकरांडा सोडा, तुळशीपलीकडे झाड नव्हतं.

आम्हाला दोघींनाही एकच वाटलं, ते लिहवत नाही. आईने देवापाशी दिवा लावला आणि समोर बसून राहिली. अण्णा विचारत होते, काय झालं, काय झालं. कोण सांगणार?

दोन दिवसांनी खबर घेऊन भावजी स्वतः आले. दाराशीच त्यांचा चेहरा बघून आई भिंतीला टेकली. पण ते म्हणाले, “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.” मग बसल्यावर हळूहळू सांगितलं. अक्काला फार रक्तस्राव झाला होता, दुपारपासून शुद्ध नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. दिवेलागणीच्या सुमाराला तिने आपणहून डोळे उघडले. मी दिवस विचारला, तर आम्ही दंडूत गेलो तोच होता.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर अक्का माहेरी आली. ओट्याशी बसून चहा पिता पिता मला म्हणाली, “टोप्यांचं दुकान गेलं की गं. बूट ठेवलेत तिथं.” तिला हे कुणी कळवलं नव्हतं. मग तीच म्हणाली, “त्या दिवशी मला एवढंच आठवतं, आपली प्रदक्षिणा. अंग कसं हलकं वाटत होतं. फाटकापाशी वाटलं, मागे आपलं कुणीतरी आहे. हाकेची वाट बघत होते मी.”

“आणि हाक मारली असती तर?”

“तर काय? आले असते की तुमच्याबरोबर घरी. कुठं परत जाऊ वाटत होतं तिकडं, नुसतं दुखणं...” असं म्हणून तिने बाळाला मांडीवर घेतलं.

आई चुलीपुढे पाठमोरी होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा हलू लागला.

तुला कसं कळलं, असं मी आईला खूप वर्षांनी विचारलं. ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा. म्हणाली, “मला काय कळणार गं? लेक सासरी निघाली की मागून हाक मारायची नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं. जीव तुटला तरी.”

ती साडी अक्का अजून वापरते. तपासणीतल्या माझ्या सगळ्या शंका — दुसरी साडी, दुसरी बाई, कुणीतरी किल्ली लांबवली — मी घालून पाहिल्या आहेत. एकही बसत नाही. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे, बनशंकरीला मुलीकडे असते. अधूनमधून आम्ही मेट्रोने दंडूत जातो. बंगला नाही, पियानो नाही, फूटपाथवर गर्दीत धक्के खावे लागतात. अक्का माझ्यापेक्षा भराभर चालते, अजून डावी चप्पल घासत, आणि कधी कधी गर्दीत पुढे निघून जाते. मी तिला हाक मारत नाही. गुडघे दुखले तरी तशीच धापा टाकत चालते, तिला गाठते आणि हात धरते.